जीपचे पाणी

माणसाचे पाणी जोखावयाचे तर त्याला अडचणीत पाहावे, बैलाचे जोखावयाचे तर चढणीवर पाहावे, आणि मोटारगाडीचे जोखावयाचे तर तिला वैशाखात वऱ्हाडात आणावे, असे माझे मत आहे. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे निमूटपणे धावणारी गाडी अकोल्याच्या पुढे येऊन पातूरचा घाट चढू लागली, की तिची परीक्षा सुरू होते. पारा ४४-४५ अंशांवर, वारा म्हणजे भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यासारखा, आणि रस्ता चढणीचा. अशा वेळी बॉनेटखालून पहिली सुसकार ऐकू येते, आणि कालपर्यंत जिचे आपण कौतुक करीत होतो ती गाडी वाफेचे फवारे सोडीत एखाद्या कडुनिंबाखाली बसकण मारते.

जीपगाडीचा इतिहास आजवर बहुतेकांनी लढायांच्या अंगाने लिहिला आहे. सेनापती, नकाशे, विजय-पराजय यांच्या गर्दीत ती कोठे कोठे धावली हे आपण वाचतो. मला तो इतिहास तिच्या पाण्याच्या अंगाने सांगावयाचा आहे. याला कारण आहे. मी राहतो त्या शिरपूर जैन गावाचे नाव अंतरिक्ष पार्श्वनाथांमुळे देशभर पोहोचले आहे. पण मालेगाव-रिसोड रस्त्यावरच्या आमच्या या गावाला सारा पावसाळा काळ्या चिकण मातीशी आणि सारा उन्हाळा उन्हाशी झगडावे लागते, हे यात्रेकरूंच्या ध्यानात राहत नाही. जेथे पावसाळ्यात बंडीचा बैलही गुडघाभर फसावयाचा, तेथे पहिल्यांदा न फसता जाणारे यंत्र म्हणजे जीप. आणि पावसाळ्यात न फसणारी ही बहाद्दर गाडी उन्हाळ्यात मात्र तापावयाची. तिला थंड कशी ठेवावी, या एका प्रश्नाभोवती तिचा निम्मा इतिहास गुंफलेला आहे.

घाईचे अपत्य

१९४० च्या जून महिन्यात फ्रान्स जर्मनीपुढे पडला. अमेरिका अजून युद्धात उतरली नव्हती, पण वारे कोठल्या दिशेने वाहत आहे हे तिच्या लष्कराला दिसत होते. घोडा आणि साइडकारची मोटारसायकल यांच्या जागी हलकी, चारी चाकांना जोर असलेली टेहळणीची गाडी हवी होती. त्या जुलैमध्ये लष्कराने १३५ कारखान्यांना विचारणा केली आणि पहिला नमुना ४९ दिवसांत मागितला. एवढी घाई पाहून बहुतेकांनी हात झटकले. पुढे आले दोघेच, आणि मुदत पाळण्याची तयारी दाखविली ती पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या अमेरिकन बँटम या बुडत्या कारखान्याने. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो असा. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने दोन दिवसांत गाडीचा आराखडा कागदावर उतरविला, आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपावयास अर्धा तास उरला असताना, पहिली गाडी मेरीलँडमधील हॉलाबर्डच्या लष्करी तळावर येऊन उभी राहिली.

बँटमच्या नशिबी मात्र यश नव्हते. एवढ्या लहान कारखान्याला हजारोंनी गाड्या बनविता येणार नाहीत म्हणून लष्कराने तेच आराखडे विलीस आणि फोर्ड यांच्या हाती दिले. विलीसकडे डेल्मार रूस नावाचा एक हाडाचा यंत्रज्ञ होता. कारखान्याचे जुने ४८ अश्वशक्तीचे इंजिन घेऊन त्याने त्याचा एकेक दोष काढला आणि ते ६० अश्वशक्तीपर्यंत चढविले. लष्कराने घातलेल्या वजनाच्या मर्यादेत बसण्यासाठी रंगाच्या थराचे वजनसुद्धा मोजले गेले, असे सांगतात. शेवटी विलीसचे इंजिन सर्वांत जोरकस ठरले आणि युद्ध संपेपर्यंत विलीस व फोर्ड मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बाहेर पडल्या.

या सगळ्या घाईत एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. वजनाची काटकसर झाली, उंचीची काटकसर झाली. शत्रूला दिसू नये म्हणून बॉनेट बुटके ठेवले. त्या बुटक्या बॉनेटखाली वाऱ्याला खेळावयास जागा बेताचीच राहिली. थंड मुलखात याने फारसे बिघडले नाही. पण जीप उष्ण देशांत गेली तशी तिच्या जन्मातील ही उणीव बोलू लागली.

वाळवंटातील डबा

या उणिवेवरचा उतारा जीपच्या आधीच शोधून ठेवलेला होता, ही मोठी मौज आहे. राल्फ बॅग्नोल्ड हा इंग्रज लष्करी अधिकारी इजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना रजेच्या दिवसांत फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात भटकावयाचा. १९२७ पासून पुढे काही वर्षे त्याने हे वेड जोपासले. वाळवंटात माणसाला पिण्याचे पाणी तोलून मिळते. ते मोटारीने वाफ करून उडवावे हे परवडणारे नव्हते. त्याने एक साधी युक्ती केली. रेडिएटरमधून जास्तीचे पाणी बाहेर टाकणारी नळी त्याने मोकळी सोडली नाही. ती बाहेरच्या बाजूला बांधलेल्या, थोडे पाणी असलेल्या एका डब्यात सोडली. इंजिन उकळू लागले की वाफ त्या डब्यातील पाण्यात शिरून पुन्हा पाणी होई. डबाही उकळू लागला की गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून ती उभी करावयाची आणि थांबावयाचे. यंत्र निवू लागले की रेडिएटरच्या आत पोकळी निर्माण होऊन डब्यातील पाणी गुडगुड करीत परत आत ओढले जाई. एक थेंब वाया जात नसे.

हाच बॅग्नोल्ड पुढे १९४० साली वाळवंटात दूरवर टेहळणी करणाऱ्या ब्रिटिश तुकडीचा संस्थापक झाला, आणि तिच्या मालमोटारींवर हे डबे बसले. त्या कामात भारतीय सैनिकांच्या गस्ती तुकड्याही होत्या. १९४२ मध्ये डेव्हिड स्टर्लिंगच्या छापेमार पथकाला जीपगाड्या मिळाल्या, तेव्हा त्यांनी आणखी एक धाडस केले. रेडिएटरपुढच्या जाळीचे बरेचसे गज कापून काढले, म्हणजे वारा थेट आत शिरावा, आणि समोरच तो वाफेचा डबा बांधला. त्या जुलैच्या अखेरीस अशा १८ जीपगाड्यांनी रात्रीच्या वेळी सिदी हनैशच्या विमानतळावर छापा घालून जर्मन विमानांची धूळधाण उडविली. इतिहासात नोंद बंदुकांची झाली. मी त्या गाड्यांची छायाचित्रे पाहतो तेव्हा माझी नजर आधी त्या डब्यावर जाते. कारखान्यातून आलेली गाडी जशीच्या तशी पवित्र मानावयाची नसते, तिला मुलखाप्रमाणे कापावी-जोडावी लागते, हा धडा जीपच्या मालकांनी तिच्या बालपणातच गिरविला.

माझगाव ते पंचायत

जीप आपल्या देशात प्रथम आली ती युद्धाबरोबर. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तिने दलदलीत कामे केली. रेल्वेची चाके बसवून रुळांवरून डबेही ओढले. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात निघाल्या आणि ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्दप्रयोग मराठीत रूढ झाला.

नवी जीप देशात आणण्याचे श्रेय महिंद्र बंधूंकडे जाते. जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र यांनी मलिक गुलाम महंमद यांच्यासह १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड महंमद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीच्या नावातील ‘महंमद’ जाऊन तेथे दुसरे ‘महिंद्र’ आले. कैलासचंद्र युद्धकाळात सरकारी कामासाठी अमेरिकेत होते. तेथे त्यांची गाठ जीपचे इंजिन घडविणाऱ्या रूसशी पडली, असे कंपनीच्या इतिहासात सांगतात. १९४७ साली ७५ जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपात आल्या आणि १९४९ पासून मुंबईत माझगावला जीपची जोडणी होऊ लागली. त्यानंतर हळूहळू एकेक भाग येथेच बनू लागला. १९६२ पर्यंत जीपचा ७० टक्के भाग देशी झाला होता.

१९५३ मध्ये विलीसने उंच बॉनेटची नवी जीप काढली. सी.जे.-३बी हे तिचे नाव. इंजिन नवे होते, त्याची एक झडप डोक्यात गेल्याने उंची वाढली होती, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. रूपाच्या दृष्टीने अमेरिकेत तिला फारसे कोणी वाखाणले नाही. आपल्याकडे मात्र हीच उंच नाकाची जीप घरची झाली. अमेरिकेत १९६८ मध्ये ती बंद पडली, तरी आपल्याकडे तिचा वंश त्यानंतर कितीतरी वर्षे चालू राहिला.

खेड्यात ती शिरली ती सरकारच्या हाताला धरून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात ५५ ठिकाणी सामुदायिक विकास योजना सुरू झाल्या. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेश राज्यात होता. गटविकास अधिकारी आणि जीप ही जोडी शंकर आणि नंदी यांच्यासारखी झाली. एकाला पाहिले की दुसऱ्याची आठवण यावी. जीपचे नाव सरकारदरबारी बदनामही झाले होते. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी केलेला ८० लाखांचा जीपखरेदीचा सौदा हे स्वतंत्र भारतातील पहिले गाजलेले खरेदी प्रकरण. पण खेड्यातल्या माणसाला त्याचे सोयरसुतक नव्हते. त्याच्या दृष्टीने जीप आली म्हणजे साहेब आला, देवीची लस आली, सुधारलेले बियाणे आले, निवडणूक आली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि जीपमध्ये साहेबाच्या जागी आपलाच कोणीतरी धोतर-टोपीवाला दिसू लागला. लोकशाही म्हणजे काय, हे खेड्याने अशा रीतीने डोळ्यांनी पाहिले.

तापाची मीमांसा

आता मूळ दुखण्याकडे वळू. इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी साधारण चौथा हिस्सा चाकांना मिळतो. तिसऱ्या हिश्शाच्या आसपास धुराड्यातून जातो, आणि जवळपास तेवढीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. पाणी ती रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणते आणि तेथे वारा ती घेऊन जातो. किती घेऊन जातो, हे पाणी आणि वारा यांच्या तापमानांतील अंतरावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर अंतर ७०; हवा ४५ अंशांवर गेली की अंतर ५०. म्हणजे तीच गाडी, तोच पंखा, पण वैशाखात तिची थंड होण्याची शक्ती जवळजवळ तीन दशांशाने कमी झाली. त्यात सात-आठ माणसे कोंबून, खालच्या गिअरमध्ये, खडीच्या रस्त्याने ती चालली तर इंजिनाला कष्ट अधिक आणि समोरून येणारा वारा कमी.

पाणी १०० अंशांवर उकळते हेही पुस्तकापुरते खरे. आमचे वाशीमचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास; येथे ते ९८ अंशांनाच उकळू लागते. म्हणून रेडिएटरच्या टोपणाला स्प्रिंग असते. आतला दाब चौरस इंचाला ७ पौंडांनी वाढविला तर उकळबिंदू १११ अंशांच्या आसपास जातो. दहा-वीस रुपयांची रबराची चकती झिजली, की ही सारी राखीव शक्ती निघून जाते. कित्येक गाड्यांचा आजार एवढाच असतो. पण वैद्य मंडळी आधी पोट फाडावयास निघतात.

दुसरे कारण आमच्या विहिरींत आहे. काळ्या खडकातले आमचे पाणी बहुधा जड. तुरीची डाळ त्यात लवकर शिजत नाही, आणि चुलीवरच्या भांड्याला पांढरा थर धरतो. तोच थर इंजिनाच्या पोटात धरतो आणि उष्णतेच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. जुने शहाणे ड्रायव्हर पावसाचे पाणी पागोळीखाली धरून बाटल्यांत भरून ठेवीत ते याचसाठी. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते जीपला पाजू नये, हा नियम मला कोणत्याही ग्रंथात मिळाला नाही, पण त्याहून खरा नियम मला माहीत नाही. आज त्या जागी कूलंट मिळते. निम्मे पाणी व निम्मे कूलंट घातले म्हणजे उकळबिंदूही चढतो आणि गंजही धरत नाही.

देशी उपाय

या तापावर आमच्या मुलखाने काय काय तोडगे काढले, त्याची कोणी बखर लिहिली नाही. म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पहिला मान छागलीचा. जाड कापडाची ती पाण्याची पिशवी जीपच्या समोर किंवा कडेला टांगलेली असे. कापडातून पाणी पाझरे, वाऱ्याने ते उडे आणि आतले पाणी गार होई. माठाचे आणि वाळ्याच्या ताट्यांचे जे शास्त्र, तेच हे. त्या एका पिशवीवर माणसाची तहान आणि जीपची तहान दोन्ही भागत. आधी कोणाची भागवावी यावरून तंटेही होत.

दुसरा उपाय ओल्या फडक्याचा. पेट्रोलची जीप कधीकधी पाणी न उकळताही बंद पडे. इंजिनाच्या कुशीत बसलेल्या पंपात पेट्रोलचीच वाफ होई आणि तेलाचा प्रवाह तुटे. अशा वेळी ड्रायव्हर पंपावर ओले फडके गुंडाळी आणि विडी पेटविण्यासाठी शहाणपणाने दहा पावले दूर जाई. विडी संपेपर्यंत पंप निवे. आजाऱ्याच्या कपाळावर घडी ठेवावी तसा हा प्रकार.

तिसरा उपाय हळदीचा. रेडिएटरला बारीक गळती लागली आणि झाळणारा कारागीर वीस मैलांवर असला, तर मूठभर हळद पाण्यात सोडावयाची. बारीक कण छिद्रापाशी जमून फुगतात आणि छिद्र बुजते. रक्त थांबविण्यासाठी आपण जखमेवर हळद दाबतो, तीच कल्पना. तोटा एवढाच, की हळदीला चांगली नळी कोणती आणि फुटकी कोणती हे कळत नाही. वारंवार घातली तर रेडिएटरचा गळा बसतो.

चौथा उपाय बॉनेटचा. मागच्या कडेखाली लाकडाचे ठोकळे घालून बॉनेट दोन बोटे उचलावयाचे, किंवा लोहाराकडून त्याच्या कुशींना चिरे पाडून घ्यावयाचे, म्हणजे गरम हवेला वाट मिळते. स्टर्लिंगच्या माणसांनी जाळी कापली आणि आमच्या लोहाराने बॉनेट चिरले. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते.

पाचवा उपाय वादाचा आहे. इंजिन गरम होईपर्यंत पाण्याची वाट अडवून धरणारी एक झडप असते, तिला थर्मोस्टॅट म्हणतात. आमचे बहुतेक मिस्त्री ती प्रथम काढून फेकून देत. अडकून बसलेली झडप काढली तर ताप खरोखर उतरतो. पण नीट चालणारी काढली तर माघातल्या पहाटे इंजिन तासभर गारच राहते आणि आतून झिजते. औषध नको म्हणून वैद्यालाच गावाबाहेर घालविण्यासारखे ते आहे.

या सर्व उपायांच्या मुळाशी एक शिस्त होती, ती आमच्या गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मला एका वाक्यात सांगितली. “गुरुजी, गाडीले ताप आला त तिच्या डोक्यावर थंड पानी ओतू नोका. पयले सावलीत घ्या, मंग बोला.” शास्त्र याहून निराळे सांगत नाही. तापलेल्या कोरड्या लोखंडावर थंड पाणी पडले की ते तडकते. आणि दाबाखालचे टोपण घाईने उघडले तर उकळते पाणी तोंडावर येते. जीपने ज्यांना शहाणे केले, त्यांना आधी थांबावयास शिकविले.

इंजिन बदलले, जीप राहिली

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडविले आणि थोड्याच महिन्यांत जगाच्या बाजारात खनिज तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. दूरदेशीच्या त्या घटनेने आमच्या गोठ्यापर्यंत धडक मारली. पेट्रोलची जीप म्हणजे दारात बांधलेला हत्ती झाला. डिझेल स्वस्त होते. कारखान्यानेही आपल्या ट्रॅक्टरच्या डिझेल इंजिनाची जीप काढली, आणि १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिन बनविण्याचा परवाना घेतला. ज्यांच्याजवळ जुन्या जीपगाड्या होत्या त्यांनी मात्र मिस्त्री गाठला. हजारो जीपगाड्यांची पेट्रोलची हृदये काढून तेथे डिझेलची बसविण्यात आली. कोणी मॅटाडोरचे इंजिन घातले, कोणी प्यूजोचे. त्याच काळात आणि पुढे काळी-पिवळी जीप ही वऱ्हाडातील खेड्यांची एस.टी.ची धाकटी बहीण झाली. ‘बसा, एक सीट’ म्हणत तिने किती माणसे वाहिली याचा हिशेब चित्रगुप्ताकडेच असेल.

माझ्याजवळ आहे ती जीप याच घराण्यातली. अंगाने १९६४ ची सी.जे.-३बी, पोटात प्यूजो जातीचे डिझेल इंजिन, ते नंतर बसविलेले आणि नोंदणीच्या पुस्तकात रीतसर लिहिलेले. ती माझ्याकडे आली तेव्हा घाट चढताना हटकून तापे. रेडिएटर नवा होता, टोपण नवे होते, पाणी स्वच्छ होते. शेवटी ध्यानात आले, की इंजिन बदलणाऱ्याने पंखा रेडिएटरपासून वीतभर मागे ठेवला होता आणि भोवतालचे पत्र्याचे कडे काढून टाकले होते. त्या कड्याशिवाय पंखा आपल्याच भोवतीची गरम हवा घुसळीत बसतो. जाळीतून नवी हवा ओढीतच नाही. पत्र्याचे कडे घडवून घेतले, विजेवर चालणारा एक जादा पंखा समोर बसविला, आणि रेडिएटरच्या नळीला प्लॅस्टिकची बाटली जोडली. गाडी थंड झाली. त्या बाटलीत पाणी जाते, गाडी निवली की परत येते. बॅग्नोल्डचा डबा शंभर वर्षे होत आली तेव्हा शिरपुरास पोहोचला.

खरी जीप कोणती?

आता जे सांगावयाचे आहे ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ऐतिहासिक वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची निराळी पाटी मिळते. हेतू चांगला आहे. जुन्या वस्तूंची कदर करणारा आहे. पण त्यात दोन अटी आहेत. गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्या सांगाड्यात, अंगात किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणावयाची नाही. प्रदर्शन, मिरवणूक, दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

माझी जीप वयाने या नियमात बसते, स्वभावाने बसत नाही. एका हौशी संग्राहकाने मला सुचविले, की जुने पेट्रोल इंजिन कोठून तरी मिळवून परत बसवा, कडे काढा, पंखा काढा, बाटली काढा, म्हणजे ती ‘खरी’ होईल आणि तिची किंमत कितीतरी वाढेल. सल्ला प्रामाणिक होता. दुसरीकडे, साधी गाडी म्हणून ती चालवावयाची तर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण, आणि २०२२ च्या एप्रिलपासून वाढलेले शुल्क. शाळामास्तराच्या खिशाला हे दोन्ही प्रश्न जाणवतात.

मी पुष्कळ विचार केला. संग्रहालयात एखादी तरी जीप कारखान्यातून निघाली तशी राहावी, हे मला मान्य आहे. नाहीतर आरंभ कोठे झाला हे मुलांना कळणार नाही. पण आमच्या मुलखातील जीपचा इतिहास १९६४ साली माझगावच्या दारात संपत नाही. तो तेथे सुरू होतो. बॉनेटला पडलेले चिरे म्हणजे वैशाखाचा शिलालेख आहे. डिझेलचे इंजिन म्हणजे १९७३ सालाची नोंद आहे. हळदीने पिवळा पडलेला रेडिएटर म्हणजे वीस मैलांत कारागीर नव्हता याचा पुरावा आहे. हे सगळे खरवडून काढून तिला मूळ स्वरूपात आणली, तर जे उरेल ती अमेरिकेच्या आराखड्याची सुबक प्रतिकृती असेल. वऱ्हाडातली जीप नसेल. जुन्या देवळाला उत्तरकाळी कोणी ओवऱ्या बांधल्या, कोणी कळस चढविला, कोणी दीपमाळ उभारली, म्हणून आपण त्याला खोटे देऊळ म्हणत नाही. आपण त्यावरून कोणत्या काळी कोण राहून गेले हे वाचतो.

कायद्याच्या विरुद्ध मी नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाटेल तसे बदल करण्यास मनाई केली आहे, आणि ब्रेक न वाढविता नुसते इंजिन वाढविणाऱ्यांच्या गाड्या पाहिल्या म्हणजे ती मनाई योग्य वाटते. माझे म्हणणे एवढेच, की जपणूक या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, वस्तू जशीच्या तशी कपाटात ठेवणे. दुसरा, तिला काळाप्रमाणे सांभाळून कामात ठेवणे. आपल्या आज्यांनी पैठणी पहिल्या रीतीने जपली आणि जाते दुसऱ्या रीतीने. जात्याला टाकी लावली नसती तर ते कधीच थांबले असते.

म्हणून माझ्या जीपला साधीच पाटी राहील. जोवर तपासणीत ती उत्तीर्ण होते तोवर ती शेतावर जाईल, आजाऱ्याला वाशीमला नेईल, आणि उन्हाळ्यात तिच्या बाटलीतले पाणी मी रोज सकाळी पाहीन. एक दिवस ती थांबेलच. यंत्रालाही आयुष्याची दोरी असते. तोवर तिच्यावर उन्हाने, मातीने आणि माणसांच्या हातांनी जे जे लिहिले आहे ते मी पुसणार नाही. दिवाळीला आपण घरातली जुनी समई घासतो, वात नवी घालतो, तेल नवे घालतो, आणि तीच समई म्हणून नमस्कार करतो. त्या नमस्कारात काही खोटे आहे असे मला कधी वाटले नाही.